टिटोंचा एकखांबी तंबू

मार्शल टिटो यांच्या निधनाला चार दशकांहून अधिक काळ लोटला. ४ मे १९८० रोजी ल्युब्लियाना येथे त्यांची प्राणज्योत मालवली, तेव्हा परस्परांचे तोंड न पाहणाऱ्या दोन्ही महासत्तांच्या गोटांतील धुरीण बेलग्रेडला अंत्यविधीस जमले होते. भारताच्या पंतप्रधान इंदिरा गांधीही त्यांत होत्या. एवढा मान मिळवणाऱ्या या पुरुषाचे राष्ट्र पुढे अवघ्या अकरा वर्षांत मोडून पडले. असे का व्हावे? याचे उत्तर बव्हंशी त्यांच्या चरित्रातच सापडते.

जोसिप ब्रोझ यांचा जन्म १८९२ साली कुमरोवेत्स या खेड्यातील शेतकरी कुटुंबात झाला. वडील क्रोएट, आई स्लोव्हेन. कुलपे व लोखंडी कामाचा कारागीर असलेला हा तरुण पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातून लढताना जखमी होऊन रशियाचा युद्धकैदी झाला आणि तेथेच त्याने बोल्शेविक क्रांती पाहिली. स्वदेशी परतल्यावर बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षाचे कार्य, पाच वर्षांचा कारावास आणि त्यानंतर घेतलेले 'टिटो' हे टोपणनाव, असा हा खडतर प्रवास आहे.

१९४१ साली हिटलरने युगोस्लाव्हियाचे लचके तोडले. क्रोएट उस्ताशांनी सर्बांची कत्तल आरंभली, सर्ब चेटनिकांनी मुसलमानांवर व क्रोएटांवर सूड उगवला. अशा वेळी सर्व वंशांच्या व धर्मांच्या लोकांना एका ध्वजाखाली आणून डोंगरदऱ्यांतून गनिमी लढा दिला तो टिटोंनी. १९४३ मध्ये सुत्येस्काच्या लढाईत ते स्वतः जखमी झाले. त्याच वर्षी यायत्से येथे भावी संघराज्याचा पाया घातला गेला. युद्धानंतर सहा प्रजासत्ताकांचे, आणि सर्बियांतर्गत दोन स्वायत्त प्रांतांचे, समाजवादी संघराज्य उभे राहिले.

१९४८ मध्ये स्टॅलिनने त्यांना बहिष्कृत केले. पण टिटो नमले नाहीत. कारखान्यांत कामगारांचे स्वयंव्यवस्थापन आणून त्यांनी समाजवादाची वेगळी वाट चोखाळली. नेहरू व नासर यांच्यासमवेत अलिप्ततावादाचा मार्ग आखला आणि सप्टेंबर १९६१ मध्ये बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली शिखर परिषद भरवली. तीनच महिन्यांनी गोमंतक मुक्त झाला.

परंतु स्टॅलिनला नकार देणाऱ्या या वीराला स्वकीयांचा नकार मात्र कधी सोसला नाही. गोली ओतोक बेटावर हजारो विरोधक डांबले गेले. जिलास या जुन्या सहकाऱ्याला तुरुंग दाखवण्यात आला. १९७१-७२ मध्ये क्रोएशिया व सर्बिया येथील उमदे, सुधारणावादी नेतृत्व बाजूला सारण्यात आले. महायुद्धातील परस्परांच्या हत्याकांडांविषयी मोकळेपणाने बोलण्याचीही मुभा नव्हती. १९७४ च्या घटनेने प्रजासत्ताकांना विस्तृत अधिकार दिले खरे. पण त्यांच्यातील अंतिम लवाद टिटो स्वतःच राहिले.

ते गेले आणि आठ सदस्यांच्या अध्यक्षमंडळात आळीपाळीचे अध्यक्षपद सुरू झाले. परकीय कर्ज व महागाई यांनी जनता गांजली. मिलोशेविच यांनी सर्ब अस्मितेला फुंकर घातली, तिकडे तुज्मान यांनी क्रोएट अस्मितेला. १९९० साली पक्ष फुटला. जून १९९१ मध्ये स्लोव्हेनिया व क्रोएशिया बाहेर पडले आणि दडपलेल्या आठवणी शस्त्र घेऊन उठल्या. बोस्नियात सुमारे एक लाख माणसे मारली गेली. जुलै १९९५ मध्ये एकट्या स्रेब्रेनित्सात सुमारे आठ हजार मुसलमान पुरुष व मुलगे ठार करण्यात आले. २००३ साली युगोस्लाव्हिया हे नावही नकाशावरून पुसले गेले.

या संहाराचे पाप ते घडवणाऱ्यांचेच आहे. ते मृत टिटोंच्या माथी मारता येणार नाही. शिवाय पस्तीस वर्षे त्या भूमीत शेजाऱ्याने शेजाऱ्याचा गळा चिरला नाही, हे त्यांचे श्रेय लहान नव्हे. मात्र त्यांनी शांतता राखली, समेट घडवला नाही. सालाझारशाहीतील सक्तीचे मौन भोगलेल्या गोमंतकाला हा भेद वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. अनेक भाषा व धर्म नांदणारे राष्ट्र एका पुरुषाच्या पुण्याईवर उभे राहू शकते. पण ते टिकते मोकळ्या वादावर आणि त्या वादांचा निवाडा करणाऱ्या संस्थांवर. तंबूला खांब कितीही मजबूत असला, तरी तो एकच असून भागत नाही.