श्वास मोजणारा डॉक्टर

विमा कंपनीला एकच धास्ती असते, पॉलिसी घेणारा माणूस लवकर तर जाणार नाही ना? दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये ही धास्ती क्षयाची होती, आणि जॉन हचिन्सन हा ब्रिटानिया विमा कंपनीचा डॉक्टर होता. त्याचा जन्म १८११ सालचा, न्यूकॅसलजवळच्या रायटनचा. पेशा डॉक्टरकीचा, नाद व्हायोलिनचा.

नुसत्या स्टेथोस्कोपवर त्याचे समाधान होईना. त्याने पाण्यात उपडे तरंगणारे, वजनांनी तोललेले एक भांडे तयार केले. नळीतून श्वास सोडला की भांडे वर उचलले जाई. जितके वर, तितकी हवा. हाच स्पायरोमीटर. खलाशी, पोलीस, आगीचे बंबवाले, पहिलवान, भिकारी, खानदानी गृहस्थ अशा दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजून १८४६ साली त्याने निष्कर्ष मांडले. उंची इंचभर वाढली की सुमारे १३० मिलिलिटर हवा वाढते, वयाबरोबर ती घटते. फ्रीमन नावाच्या धिप्पाड अमेरिकन मुष्टियोद्ध्याचा आकडा घसरत गेलेला त्याने पाहिला. पुढे फ्रीमन क्षयानेच गेला.

नागपूर जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांतल्या सिस्टरांना मी ही चाचणी शिकवते, तेव्हा हचिन्सनकडे काय नव्हते तेही सांगते. हवा किती, एवढेच त्याने मोजले. किती वेगाने, हे नाही. पहिल्या सेकंदाचे महत्त्व फ्रान्सच्या तिफनो यांनी १९४७ साली दाखवले. चुलीच्या धुरात जन्म गेलेल्या बाईची किंवा उमरेडच्या कोळसा खाणीतल्या कामगाराची एकूण हवा पुष्कळदा ठीक भरते, अडते ती पहिल्या सेकंदात. श्वासनलिका रुंद करणारे औषध देऊनही पहिल्या सेकंदाची हवा एकूण हवेच्या सत्तर टक्क्यांहून कमी भरली, तर दमा-धुराच्या आजाराचा संशय घ्यायचा.

म्हणून फुंकर नीट हवी. हचिन्सन बंडी सैल करायला लावी, ताठ उभे करी आणि सावकाश श्वास सोडायला सांगे. आम्ही खुर्चीवर बसवतो, नाकाला चिमटा, ओठ घट्ट; छाती भरून श्वास, मग एकदम जोर आणि शेवटपर्यंत. तीन चांगल्या फुंकरी, त्यातल्या वरच्या दोन्हींत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. सिस्टरने शेजारी उभे राहून ओरडलेच पाहिजे. इथे भिडस्तपणा कामाचा नाही. चारचौघांत जोराने फुंकायला खेड्यातल्या बाया लाजतात, त्यांना वेगळी खोली द्यावी. मध्येच खोकला आला तर आलेखात खाच पडते. तो कागद बाजूला टाकायचा. उंची चपला काढून मोजायची, कारण ती चुकली की अपेक्षित आकडाच चुकतो. यंत्रात युरोपियन माणसाचे कोष्टक असेल तर धडधाकट वऱ्हाडी शेतकरीही आजारी ठरतो आणि विनाकारण पंप ओढत बसतो. माझ्या मते यंत्र विकत घेण्यापेक्षा हे शिकवणे अवघड आहे.

हचिन्सन मात्र १८५२ साली बायकापोरांना मागे ठेवून ऑस्ट्रेलियाला, सोन्याच्या खाणींच्या मुलखात निघून गेला. तिथून तो फिजी बेटांवर पोचला आणि १८६१ च्या जुलैत, पन्नाशीतच, तिथे वारला.