वेदनेचे मोल जाणणारे शल्यविशारद : डॉ. पॉल ब्रँड

दिल्लीच्या शाहदरा भागात लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे. कुष्ठरोगाने आखडलेली बोटे तेथे शस्त्रक्रियेने सरळ केली जातात. आज याचे आपणांस नवल वाटत नाही. परंतु पाऊणशे वर्षांपूर्वी अशा हातांना सहसा कोणी शल्यविशारद स्पर्श करीत नसे. ही वाट ज्यांनी पाडली त्यांत डॉ. पॉल ब्रँड अग्रणी होत.

१७ जुलै १९१४ रोजी तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात जेसी व एव्हलिन ब्रँड या मिशनरी दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. बालपणीच शिक्षणासाठी त्यांची इंग्लंडला रवानगी झाली. १९२९ साली पिता तापाने डोंगरातच प्रभूच्या घरी गेले. मिशनकार्यास उपयोग व्हावा म्हणून पॉल प्रथम सुतारकाम व बांधकाम शिकले. पुढे वैद्यकाकडे वळून १९४३ मध्ये ते लंडन येथे डॉक्टर झाले आणि १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. पत्नी मार्गारेट याही डॉक्टर होत्या. कुष्ठरुग्णांच्या डोळ्यांची निगा हे त्यांचे जीवनकार्य ठरले.

१९४७ मध्ये डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांच्यासमवेत चिंगलपेटचे कुष्ठधाम पाहताना पॉल यांनी एका रुग्णाच्या वाकड्या हातात आपला हात दिला व तो दाबण्यास सांगितले. पकड इतकी जबर होती की ते कळवळले. पण त्या कळेतच त्यांना उमगले की हा हात मेलेला नाही! काही स्नायू लुळे पडले असले तरी काही बलवान आहेत. बलवान स्नायूची कंडरा वळवून लुळ्या बोटांना जोडली, तर ती पुन्हा हलतील. तसेच घडले.

कुष्ठरोगाने बोटे आपोआप झडतात, हा समजही त्यांनी खोटा ठरविला. वेदनाच नसल्याने रुग्णास भाजलेले, कापलेले कळत नसे. रात्री उंदीर बोटे कुरतडीत, तरी जाग येत नसे. त्यावर रुग्णांना मांजरे देण्याचा साधा उपाय योजण्यात आला.

झडलेल्या भुवयांसाठी ते डोक्याच्या केसाळ त्वचेचा तुकडा, रक्तवाहिनी न तोडता, कपाळाच्या त्वचेखालून भुवईच्या जागी आणीत. रक्त पोचले तर तुकडा जगे. खुंटले तर प्राणवायूअभावी काळा पडे. म्हणून अशा शस्त्रक्रियेनंतर त्वचेचा रंग व ऊब यांवर नजर ठेवावी लागते. आता त्वचेतील प्राणवायूचे प्रमाण दाखविणारी यंत्रेही आहेत. हाच नियम पॉल यांनी बधिर पायांनाही लावला. घट्ट पादत्राणाचा सौम्य परंतु सततचा दाब रक्त अडवितो. निरोगी मनुष्य अस्वस्थ होऊन पाय हलवितो. बधिर पायाचा मनुष्य तसाच चालत राहतो. १९६६ नंतर अमेरिकेतील कार्व्हिल येथे त्यांनी पायांची उष्णता मोजून, जखम होण्याआधीच धोक्याची जागा ओळखण्याची पद्धत रूढ केली. मधुमेहींच्या पायांसाठी ती आजही उपयोगी पडते.

परंतु हात बरा झाला म्हणून माणूस बरा होत नाही. शस्त्रक्रिया झालेल्यांना कोणी काम देईना, आणि चांगले हात पाहून कोणी भीकही घालीना! तेव्हा १९५१ च्या सुमारास वेल्लोर येथे नवजीवन केंद्र उभे राहिले. तेथे पॉल यांचे सुतारकाम कामी आले. रुग्ण करवत व रंधा धरू लागले.

एकदा प्रवासाहून परतल्यावर त्यांना आपली टाच बधिर वाटली. आपणांसही कुष्ठरोग झाला या विचारात त्यांनी रात्र काढली. सकाळी पुन्हा सुई टोचली आणि वेदना झाली! वेदनेबद्दल त्यांनी परमेश्वराचे आभार मानले.

१९६० मध्ये त्यांना लास्कर पारितोषिक लाभले. ८ जुलै २००३ रोजी ते प्रभूठायी विसावले. मंडळी हे एक शरीर आहे, असे पौल करिंथकरांस लिहितो. एका अवयवाचे दुःख सर्वांस जाणवते तोवरच ते शरीर जिवंत. आपल्या मंडळीत असा कोणता अवयव आहे की ज्याची वेदना आपणांस जाणवेनाशी झाली आहे?