संत इसाक जोग यांचे हात

दर वर्षी १९ ऑक्टोबर रोजी ख्रिस्तसभा उत्तर अमेरिकेतील आठ रक्तसाक्ष्यांचा सण साजरा करते. त्यांतील संत इसाक जोग यांच्या मरणाविषयी आपण प्रवचनांतून ऐकतो. आज आपण त्यांच्या हातांविषयी थोडे बोलू.

जोग यांचा जन्म १६०७ साली फ्रान्समधील ऑर्लेआँ येथे झाला. १६२४ मध्ये ते येशूसंघात दाखल झाले आणि १६३६ मध्ये गुरुदीक्षा मिळताच कॅनडात ह्युरॉन लोकांच्या सेवेसाठी गेले. ऑगस्ट १६४२ मध्ये मोहॉक योद्ध्यांनी त्यांना वाटेत पकडले. त्यांची नखे उपटण्यात आली, दोन्ही तर्जन्या दातांनी चिरडण्यात आल्या आणि पुढे डाव्या हाताचा अंगठाही कापण्यात आला.

त्यांच्याबरोबर रने गुपिल हेही पकडले गेले. गुपिल यांना ऐकू कमी येई, म्हणून त्यांना येशूसंघाच्या नवशिष्यालयातून परत जावे लागले होते. पण त्यांना शस्त्रवैद्यकाचे काम येत होते. मिशनचे बिनपगारी सेवक होऊन ते कॅनडात आले आणि रुग्णसेवा करू लागले. संघाची व्रते त्यांना अखेर बंदिवासात, फादर जोग यांच्यापुढे घेता आली. एका मुलाला क्रुसाची खूण शिकवली म्हणून २९ सप्टेंबर १६४२ रोजी त्यांना ठार मारण्यात आले.

जोग वर्षभर गुलाम होते. १६४३ मध्ये डच वसाहतवाल्यांनी, म्हणजे प्रॉटेस्टंट बांधवांनी, त्यांना लपवून पळून जाण्यास मदत केली. नाताळाच्या दिवशी ते फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले. पण मिस्सा अर्पण करण्याचा मार्ग त्यांना बंद होता.

त्या काळी धर्मगुरू पवित्र भाकर फक्त अंगठा व तर्जनी यांनीच धरीत, आणि परिवर्तनानंतर बोटे धुईपर्यंत ही दोन बोटे जुळवूनच ठेवीत. वेदीवरील सेवेत अडथळा आणणारे व्यंग असल्यास मिस्सा करण्यास मनाई होती. या विचाराचे मूळ लेवीयच्या २१व्या अध्यायात सापडते. नियम दुष्ट नव्हता, त्यामागे साक्रामेंताविषयीचा आदर होता. मात्र असे हात नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आले नसावेत. सेमिनरीत आम्ही तत्त्व आणि आगंतुक गुण यांतील भेद शिकलो. गुरुपद हे तत्त्व, बोट हा आगंतुक गुण. कागदावर हे सोपे असते!

पॅरिसमध्ये राणी अ‍ॅन हिने ते हात पाहून त्यांचे चुंबन घेतले. जोग यांना या कौतुकाचा संकोच वाटे. जखमी हातांचे दर्शन घेणारे पुष्कळ भेटतात, त्या हातांना काम मिळावे म्हणून खटपट करणारे थोडे. सुदैवाने तेही निघाले. विनंती रोमला गेली आणि पोप आठवे अर्बन यांनी खास परवानगी दिली. जी बोटे उरली होती त्यांनी जोग पुन्हा मिस्सा अर्पण करू लागले.

आज अशा सवलती कायद्यातच आहेत. १९८३ च्या कायदेसंहितेतील कलम ९३० नुसार उभे राहू न शकणारा धर्मगुरू बसून मिस्सा करू शकतो (लोकांसमोर असल्यास महागुरूंच्या परवानगीने). अंध धर्मगुरूला मिस्साचा कोणताही मान्य पाठ वापरता येतो, आणि गरज पडल्यास शिकवून तयार केलेला प्रापंचिकही त्याला मदत करू शकतो.

जोग यांना फ्रान्समध्ये मानाने राहता आले असते. १६४४ मध्येच ते कॅनडाला परतले. बंदिवासात मोहॉक लोकांची भाषा त्यांनी आत्मसात केली होती, म्हणून १६४६ मध्ये शांततेची बोलणी करायला त्यांनाच पाठवण्यात आले. परत येणार या भरवशावर त्यांनी आपली एक पेटी त्या गावात ठेवली. पुढे तेथे रोगराई आली, पिकाला कीड लागली आणि संशय पेटीवर गेला. ते गावी परतले, तेव्हा १८ ऑक्टोबर १६४६ रोजी एका झोपडीत शिरताना त्यांच्या डोक्यात कुऱ्हाड घालण्यात आली. दुसऱ्या दिवशी त्यांचे सोबती जाँ द लालांद यांनाही मारण्यात आले.