लोखंडाला लेप देणारा अभियंता

शिंदखेडा तालुक्यात ट्रॉलीचा अँगल तुटो, वखराची पास निखळो की घराची ग्रिल बनवायची असो, फॅब्रिकेशनच्या दुकानात बहुतेक काम लेप असलेल्या वेल्डिंग रॉडनेच होते. हा लेप दिला स्वीडनचे अभियंते ऑस्कर शेलबर्ग यांनी.

शेलबर्ग यांचा जन्म २१ सप्टेंबर १८७० रोजी झाला. तरुणपणी त्यांनी वाफेच्या जहाजांवर अभियंता म्हणून काम केले. त्या काळी बॉयलरचे पत्रे रिबिट मारून जोडत. सांधे गळू लागले की ठोकून बुजवत आणि ते पुन्हा गळत. विजेच्या ठिणगीने लोखंड वितळवून जोडण्याची युक्ती १८८०च्या दशकात रशियात बेनार्दोस आणि स्लाव्यानोव यांनी शोधली होती. पण उघड्या तारेने केलेला जोड ठिसूळ निघे. वितळलेले लोखंड हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेई, त्यामुळे जोडात बारीक छिद्रे पडत.

शेलबर्ग यांनी गोथेनबर्ग बंदरात छोटी कार्यशाळा थाटून जहाजांची दुरुस्ती आणि प्रयोग सुरू केले. १९०४ मध्ये त्यांनी ‘ईसाब’ ही कंपनी स्थापन केली. लोखंडी तार कार्बोनेट आणि सिलिकेटच्या दाट मिश्रणात बुडवून वाळवायची, हा त्यांचा उपाय. त्याच्या पेटंटसाठी त्यांनी १९०७ मध्ये अर्ज केला. लेपामुळे ठिणगी स्थिर राहते आणि वितळलेल्या धातूवर मळीचे पांघरूण पडते. पुढे सुधारत गेलेल्या लेपांतून निघणारा वायूही हवेला जोडापासून दूर ठेवतो. १९२० मध्ये त्यांच्या कंपनीने रिबिटांऐवजी वेल्डिंगने जोडलेले छोटे जहाज बांधले. १९२२ मध्ये जर्मनीतील फिन्स्टरवाल्डे येथेही त्यांनी कंपनी काढली. ५ जुलै १९३१ रोजी त्यांचे निधन झाले.

आजही नवख्याने रॉड निवडायचा तो लेप पाहूनच. ६०१३ क्रमांकाच्या रॉडच्या लेपात टायटॅनियमचे ऑक्साइड जास्त असते. तो सहज पेटतो, मळी सहज सुटते, म्हणून शिकायला आणि पातळ पत्र्याला तो सोयीचा. ७०१८ चा जोड जास्त मजबूत, पण त्याचा लेप ओल धरतो. ओल्या रॉडमधला हायड्रोजन जोडात शिरला की जाड लोखंडाला नंतर तडा जाऊ शकतो. म्हणून तो भट्टीत तापवून, कोरडा ठेवूनच वापरावा लागतो. लेप उडालेला रॉड तर पुन्हा त्या जुन्या उघड्या तारेसारखाच.

हाताची सवयही तितकीच महत्त्वाची. रॉडचे टोक आणि काम यांत साधारण रॉडच्या जाडीइतकेच अंतर ठेवावे. अंतर वाढले की लेपाचे संरक्षण विरते आणि ठिणग्या उडतात. करंट कमी असेल तर रॉड चिकटतो, जास्त असेल तर पत्र्याला भोक पडते. रॉड थोडा तिरका धरून एकसारख्या वेगाने ओढावा. दुसरा थर देण्याआधी मळी ठोकून, ब्रशने घासून काढावी, नाहीतर ती जोडातच अडकते.

लेप लोखंडाला हवेपासून वाचवतो, पण धूर माणसाच्या छातीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर आणि त्यातून निघणारे अतिनील किरण, दोन्ही माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले. जस्ताचा मुलामा असलेला पाइप जोडताना निघणाऱ्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. दूध प्यायल्याने धूर छातीतून निघत नाही. काम उघड्यावर करावे, वारा पाठीमागून न घेता बाजूने घ्यावा, डोके धुराच्या लोटाबाहेर ठेवावे आणि धातूचा धूर अडवणारा मास्क लावावा. तोंडाला बांधलेला रुमाल तो धूर अडवत नाही.

काच न लावता ठिणगीकडे पाहिले तर त्रास लगेच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचते, पाणी येते, उजेड सोसत नाही. तेव्हा डोळे चोळू नयेत. बटाट्याचे काप ठेवत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावे. बधिर करणारे थेंब मनाने वारंवार घालू नयेत, त्याने डोळ्याची जखम भरत नाही. शेजारी उभ्या असलेल्या पोराटोरांनाही हाच धोका असतो, म्हणून रॉड पेटवण्याआधी त्यांना दूर करावे.