हातात स्टिक नाही, पायाखाली बर्फ नाही, तरी हॉकीची प्रॅक्टिस! सोव्हिएत संघ घडवणारे अनातोली तारासोव

हॉकी म्हटलं की आपल्याला हिरवं मैदान आणि मेजर ध्यानचंद आठवतात. ही गोष्ट मात्र बर्फावरच्या हॉकीची आहे. पायात स्केट्स, चेंडूच्या जागी रबराची चकती म्हणजे पक, आणि गोलकीपर धरून एका बाजूला सहा जण.

हा खेळ कॅनडाचा. सोव्हिएत युनियनमध्ये त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली १९४६ च्या डिसेंबरात. आणि याच देशाने १९६३ ते १९७१ अशा सलग नऊ वर्ल्ड चॅम्पियनशिप मारल्या. आता तुम्ही म्हणाल, कॅनडाचे बडे व्यावसायिक खेळाडू त्या स्पर्धांत नसायचे. बरोबर आहे, नसायचे. पण मुद्दा पुढे येतोय.

या सगळ्यामागचा माणूस म्हणजे अनातोली तारासोव.

जन्म १० डिसेंबर १९१८, मॉस्को. वडील लवकर गेले, आईने अनातोली आणि धाकटा युरी या दोघांना वाढवलं. पोरं फुटबॉल खेळायची आणि थंडीत बँडी. बँडी म्हणजे बर्फावर चेंडूने खेळायची जुनी हॉकी, रशियात तीच चालायची. युद्ध संपल्यावर पकवाली हॉकी आली आणि तारासोव आधी हवाई दलाच्या आणि मग लष्कराच्या संघाचे खेळाडू-कम-कोच झाले.

अडचण अशी की शिकायचं कुणाकडून? कॅनडाचे सामने बघायची सोय नव्हती. त्यांचे गुरू मिखाईल तोवारोव्स्की हे मुळात फुटबॉलचे. त्यांनी सल्ला दिला की कॅनडाची नक्कल करायच्या फंदात पडू नकोस, स्वतःचं काहीतरी काढ.

दुसरी अडचण बर्फाची. रशियात कसली बर्फाची टंचाई, असं वाटेल. पण मॉस्कोत तेव्हा कृत्रिम बर्फाचं मोठं स्टेडियम नव्हतं. सामने उघड्यावर, थंडी पडली की. थंडी सरली की बर्फ वितळला आणि प्रॅक्टिस बंद.

जानेवारी १९५० मध्ये घरावर घाला पडला. हवाई दलाच्या संघाला घेऊन निघालेलं विमान स्वेर्दलोव्स्कजवळ कोसळलं. त्यात युरी गेला.

तारासोव कामाला लागले ते जमिनीवर. बर्फ नसेल तेव्हा खेळाडूचं शरीर घडवायचं, हे त्यांनी पक्कं केलं. ‘ड्राय लँड ट्रेनिंग’ हा शब्द आज जगभरातल्या हॉकी अकॅडमीत सर्रास वापरतात, त्या पद्धतीवर तारासोवांची मोठी छाप आहे.

ते नेमकं काय करायचे? जुन्या फिल्म्स बघितल्या तर आधी हसू येतं. धिप्पाड माणसं एकमेकांना खांद्यावर घेऊन पळतायत, वजनाच्या प्लेट्स हातात घेऊन उड्या मारतायत, कोलांट्या घेतायत, कुस्तीसारखी रेटारेटी करतायत. मध्येच फुटबॉल, बास्केटबॉल. आपल्या तालमीतला वस्ताद हे बघून खूश झाला असता.

पण त्यात डोकं होतं. स्केटिंग करताना माणूस कंबर खाली ठेवून, एकेका पायाने, तिरकस बाहेरच्या बाजूला जोर देतो. दुसरा पाय तेवढ्या वेळात तोल सांभाळतो. वरून कुणीतरी धडक मारतो, आणि तेव्हाच पास द्यायचा असतो. नुसतं सरळ उभं राहून जड बारबेल उचलणाऱ्याला यातलं सगळं जमेलच असं नाही. म्हणून तारासोवांच्या व्यायामात वजन असायचं, पण वजनासोबत उडी, वळण, तोल, नजर हेही असायचं. पाय, हात आणि विचार या तिन्हींचा वेग वाढला पाहिजे, हा त्यांचा धोशा होता. आज ज्याला ‘मूव्हमेंट क्वालिटी’ म्हणतात ते हेच.

व्लादिस्लाव त्रेत्याक हा पोरगा गोलकीपर म्हणून हाताशी आला. त्याला हुकूम सुटला की खिशात कायम टेनिसचा चेंडू ठेवायचा आणि जाईल तिथे टाकत-झेलत राहायचं. पुढे हा जगातल्या सर्वोत्तम गोलकीपरमध्ये गणला गेला.

दुसरा वालेरी खारलामोव. कौशल्य अफाट, पण उंची कमी, अंग किरकोळ. तारासोवांना तो या धक्काबुक्कीत टिकेल असं वाटेना. १९६७ मध्ये त्याला उरल भागातल्या चेबारकुलला, खालच्या श्रेणीतल्या ‘झ्वेझ्दा’ संघात पाठवलं. पोराने तिथे ४० सामन्यांत ३४ गोल ठोकले आणि अंगात ताकद भरून परत आला. १९६९ मध्ये तो वर्ल्ड चॅम्पियन होता. सहायक कोच बोरिस कुलागिन या पोरासाठी हटून बसले नसते तर हा हिरा हातचा गेला असता. म्हणजे तारासोवांची नजरही चुकायची.

स्वभाव कडक, कधीकधी जाचक. खेळाडू वर्षातला बराच काळ घरापासून लांब, लष्करी शिस्तीत कॅम्पवर. घरीही तेच. मुलगी तात्यानाला लहानपणीच पहाटे उठवून अंगणात व्यायामाला पाठवायचे. ती पुढे फिगर स्केटिंगची नामांकित कोच झाली, पण लहानपण सोपं नव्हतं.

वरच्यांशीही त्यांचं जमलं नाही. मे १९६९ मध्ये स्पार्टाकविरुद्धच्या सामन्यात एक गोल नाकारला म्हणून त्यांनी अख्खा संघ बर्फावरून बाहेर काढला. स्टँडमध्ये खुद्द ब्रेझनेव्ह बसलेले. ‘सन्माननीय कोच’ ही पदवी काढून घेतली गेली, त्याच वर्षी परतही मिळाली. पण १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकचं गोल्ड जिंकून आल्यावर ते आणि त्यांचे जोडीदार कोच अर्कादी चेर्निशेव राष्ट्रीय संघातून बाहेर होते.

आणि नेमका त्याच वर्षी तो मुद्दा आला. सप्टेंबर १९७२, कॅनडाचे व्यावसायिक स्टार विरुद्ध सोव्हिएत संघ, आठ सामने. पहिलाच सामना माँट्रियलमध्ये, सोव्हिएत संघ ७-३ ने जिंकला. खारलामोवचे दोन गोल. मालिका शेवटी कॅनडाने ४-३ अशी घेतली, एक सामना बरोबरीत. पण कॅनडात धक्का बसायचा तो बसला. संघातले बरेच जण तारासोवांनी घडवलेले होते, बेंचवर मात्र व्सेवोलोद बोब्रोव.

१९७४ मध्ये टोरोंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेमने तारासोवांना स्थान दिलं. कार्यक्रमाला जायला मात्र त्यांना परवानगी मिळाली नाही. ते ‘गोल्डन पक’ या लहान मुलांच्या स्पर्धेत रमले होते. १९८७ मध्ये, वय ६८, ते कॅनडातल्या व्हँकुव्हर कॅनक्स संघाच्या ट्रेनिंग कॅम्पला सल्लागार म्हणून गेले. २३ जून १९९५ ला मॉस्कोत त्यांचं निधन झालं.