मैदानावरील शिक्षक : कै. सय्यद अब्दुल रहीम

गोल करणाऱ्याचे नाव सर्वांच्या तोंडी असते. संघ घडविणारा मात्र मैदानाबाहेरच राहतो. असे एक थोर प्रशिक्षक म्हणजे कै. सय्यद अब्दुल रहीम. १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे त्यांचा जन्म झाला. आपला आदिलाबाद जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. पदवी घेऊन ते शाळेत शिक्षक झाले, आणि आम्हां शिक्षकांना त्यांच्याविषयी अधिक जिव्हाळा वाटतो तो यामुळेच.

१९५० साली हैदराबाद सिटी पोलीस संघाची धुरा त्यांच्याकडे आली. त्या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५४ पर्यंत लागोपाठ पाच वेळा जिंकला. खेळाडूचा जो पाय दुबळा, त्यानेच चेंडू मारावयाचा असे सामने रहीमसाहेब भरवीत. कच्च्या मुलाला आधी फळ्यापाशी बोलाविणाऱ्या मास्तरांचीच ही रीत नव्हे काय?

१९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. परंतु पुढच्याच वर्षी हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा धुव्वा उडविला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. दुसरा एखादा खचला असता. रहीमसाहेब पुन्हा कामाला लागले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४–२ असे नमवून भारत उपांत्य फेरीत गेला व अखेर चौथा आला. त्या विजयातील तीन गोल नेव्हिल डिसोझा या गोमंतकीयाचे! आम्ही कोंकणी बोलणारे, म्हणून हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

खरी कसोटी लागली ती १९६२ साली जकार्ता येथे. पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २–० असा जिंकला. पुढे बचावपटू जर्नैलसिंगच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. रहीमसाहेबांनी त्याला बसवून न ठेवता उपांत्य सामन्यात थेट आघाडीवर खेळविले, आणि त्याने गोल केला. ४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर. इस्रायल व तैवान यांना वगळल्याच्या वादावरून तेथील जनता भारतावर रुष्ट होती. सुमारे लाखभर प्रेक्षक हुर्यो करीत होते. पी. के. बॅनर्जी आणि जर्नैलसिंग यांनी एकेक गोल केला व भारताने २–१ असा विजय मिळविला.

त्यानंतर अवघ्या नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, कर्करोगाने रहीमसाहेबांचे निधन झाले. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला पुन्हा मिळालेले नाही.