ट्राम विजेवर चालविणारे फ्रँक स्प्रेग



फ्रँक स्प्रेग यांचा जन्म २५ जुलै १८५७ रोजी अमेरिकेतील मिलफर्ड या गावी झाला. लहानपणीच त्यांची आई वारली. आत्याने त्यांना वाढविले. १८७८ साली ते नौदलाच्या विद्यालयातून पास झाले. काही दिवस त्यांनी एडिसन यांच्याकडे काम केले. मग १८८४ साली स्वतःची कंपनी काढली.

त्या काळी ट्राम घोडे ओढत. काही शहरांत ट्राम दोरावर चालत. रस्त्याखाली तारेचा लांब दोर असे. वाफेचे इंजिन तो सारखा फिरवी. ट्रामच्या चिमट्याने दोर धरला की ट्राम चाले. पण दोर अडकला की त्या दोरावरच्या सगळ्या ट्राम जागच्या जागी उभ्या!

स्प्रेग यांनी ठरविले, प्रत्येक ट्रामला आपली मोटर बसवायची आणि डोक्यावरच्या तारेतून वीज घ्यायची. त्यांनी रिचमंड शहराचे काम घेतले. तिथे चढ फार. १८८७ साली एका रात्री चाचणी घेतली. ट्राम चढ चढली, पण मोटर तापून बिघडली. लोक जमले. स्प्रेग यांनी सांगितले, की अवजारे आणायला माणूस पाठविला आहे. मग दिवा मालवून ते ट्राममध्ये पडून राहिले. लोक गेल्यावर अवजारे आली. ती होती चार खेचरे! मला खूप हसू आलं.

मग मला आमची विहीर आठवली. गेल्या उन्हाळ्यात आमची मोटर जळली. मिरची वाळत होती. वडील दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मोटर भरून आणली. मग मी हसलो नाही.

स्प्रेग यांनीही मोटरी पुन्हा पुन्हा दुरुस्त केल्या. २ फेब्रुवारी १८८८ रोजी रिचमंडच्या ट्राम नीट सुरू झाल्या. बोस्टनचे लोक दोराच्या ट्राम घालणार होते. ते पाहायला आले. स्प्रेग यांनी रात्री २२ ट्राम ओळीने लावून चालवून दाखविल्या. दिवे मंद झाले, पण सगळ्या ट्राम चालल्या! बोस्टनने वीज घेतली. शिकागोच्या दोराच्या ट्रामसुद्धा १९०६ पर्यंत विजेवर आल्या.

१८९७ साली त्यांनी पुष्कळ डब्यांच्या मोटरी एकाच जागेवरून चालविण्याची युक्ती काढली. मुंबईची लोकल अशाच रीतीने चालते. २५ ऑक्टोबर १९३४ रोजी ते वारले.

मोटर बिघडली तरी माणसाने बिघडू नये, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

इयत्ता चौथी